भिंत, खांब आणि भाराची वाट

नोव्हेंबर १७२८ मध्ये अमझेऱ्याच्या रणभूमीवर चिमाजी आप्पांच्या फौजेने मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला आणि माळव्याचे दार मराठ्यांना उघडले. पुढे धार व देवास येथे पवारांची राज्ये स्थिरावली. मराठी घराण्यांबरोबर खणांनी मोजल्या जाणाऱ्या वाड्यांची रीतही इकडे आली. लाकडी चौकटीच्या वाड्यात माळवदाचा भार तुळईवर, तुळईचा खांबावर आणि खांबाचा तळखड्यावर उतरे. खांबांमधली विटांची भिंत मुख्यतः आडोशाची.

विसाव्या शतकात लाकडाची जागा सळई व काँक्रीटने घेतली, तरी भिंत ही निव्वळ भर होय, ही समजूत कायम राहिली. वस्तुतः भूकंपात चौकट तिरकी होऊ लागताच तिचा एक कर्ण आखडतो आणि त्या कर्णावर भिंत तिरप्या टेकूसारखी भार घेते. होम्स या अभियंत्याने १९६१ साली या टेकूची रुंदी कर्णाच्या एक-तृतीयांश धरावी, असे सुचविले. भिंत चौकटीला बळ देते. परंतु ती अर्ध्या उंचीवर थांबली, तर उरलेल्या आखूड खांबावर सारा ताण एकवटतो. वाहनांसाठी तळमजला मोकळा ठेवला, तर वरचे मजले ताठ आणि खालचा दुबळा राहतो.

याची किंमत मध्य प्रदेशाने २२ मे १९९७ रोजी जबलपूरला आणि गुजरातने २६ जानेवारी २००१ रोजी मोजली. भुजपासून दूर असलेल्या अहमदाबादेतही मोकळ्या तळमजल्याच्या इमारती कोसळल्या. २००२ च्या भारतीय मानकाने अशा मजल्याचे खांब व तुळया अडीचपट बलासाठी आखण्यास सांगितले. २०१६ च्या आवृत्तीने भिंतीचा ताठपणाही गणितात घेतला.

उभ्या भाराचेही असेच. तुळई वाकण्याआधी भिंत तिला घट्ट भिडवली, तर वरचा भार भिंतीत उतरतो आणि तडे जातात. म्हणून जाणता गवंडी शेवटचा थर काही काळ राखून ठेवतो.

ग्रंथालयांनी हे विशेष ध्यानी ठेवावे. मानकानुसार ग्रंथभांडाराच्या जमिनीवर घरगुती खोलीच्या किमान तिप्पट भार धरावा लागतो. वाचनकक्ष ऐसपैस करण्यासाठी मधली भिंत काढण्यापूर्वी, ती कोणाचा भार वाहते, हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे. पूर्वजांनी जमविलेली ग्रंथसंपदा पुढील शतकाच्या हाती सुखरूप देण्यासाठी कपाटांइतकीच त्यांना पेलणाऱ्या वास्तूचीही निगा राखली पाहिजे.