जिजाईच्या बाजूने

ट्राम गिरगावात थांबते आणि तुम्ही उतरता. शनिवार, १२ डिसेंबर १९३६. पानाच्या ठेल्यावर, चाळींच्या कठड्यांवर आज एकच विषय आहे: विलायतेच्या राजाने एका बाईपायी काल गादी सोडली. कोणीतरी फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाचं काढून पाहतो, पण एडवर्डची बातमी जास्त चवदार आहे. तुम्ही तोंड उघडू नका. पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. आज सेंट्रल सिनेमात लागणारा 'संत तुकाराम' हा बोलपट इथेच वर्षभराहून जास्त चालणार आहे, हे तर मुळीच बोलू नका. वेड्यात काढतील.

कारण रांगेतल्या कोणालाही तसं वाटत नाहीये. तुकारामांवर मूकपटांच्या जमान्यातच चित्रपट येऊन गेले. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: वह्या बुडणार, वह्या तरणार, शेवटी विमान येणार. शंका आहे ती तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांविषयी. नाटकात लुगडी नेसून स्त्रीभूमिका केलेला नट, तो वारकरी कसा दिसायचा, असं तुमच्या पुढचे टोपीवाले गृहस्थ विचारतात. विचारू देत.

आत अंधार होतो. प्रभात कंपनीच्या बोधचिन्हातली तुतारी फुंकणारी स्त्री पडद्यावर येते आणि टाळ्या पडतात. दिग्दर्शकांची नावं दोन, दामले आणि फत्तेलाल. स्टुडिओत त्यांना दामलेमामा आणि साहेबमामा म्हणतात. दोघेही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली घडलेले. एकाचा कान ध्वनीत, दुसऱ्याचा डोळा नेपथ्यात. पुण्यातल्या स्टुडिओत त्यांनी देहू उभं केलंय ते असं, की नेपथ्याकडे तुमचं लक्षच जात नाही. मातीची भिंत मातीचीच वाटते. एका संताचा चित्रपट एका हिंदूने आणि एका मुसलमानाने मिळून केला, याची रांगेत कोणी चर्चाही केली नव्हती.

पागनीस गाऊ लागतात. ताना नाहीत, नाटकी आवेश नाही; माणूस स्वतःशीच बोलावा तसं गाणं. बीजाविषयीचं ते पद सुरू होताच मागच्या रांगेतले आजोबा कुजबुजतात, हा अभंग गाथेत कुठे आहे बरं? गाथेत नाहीच तो. शांताराम आठवल्यांनी याच चित्रपटासाठी लिहिलाय, केशवराव भोळ्यांनी चाल दिलीय. आजोबांना सांगू नका. घरी जाऊन शोधू देत. गाथा चाळल्याने नुकसान होत नाही.

चमत्कार आले की मात्र तुमची पंचाईत होते. शिवाजीराजांना पकडायला शत्रू येतो आणि जिकडे तिकडे राजेच राजे दिसू लागतात. शेजारचा गिरणी कामगार हात जोडतो. तुम्ही पुढच्या काळातले, तुमची नजर छायाचित्रणाच्या करामतीकडे जाते. ही दृश्यं काळाबरोबर जुनी पडलीत, हे कबूल करायला हवं. भोंदू सालोमालोही मला थोडा जास्तच खलनायकी वाटतो.

पण तुकारामाची बायको जिजाई पडद्यावर येते तेव्हा तो कामगार आणि तुम्ही एकदम हसता. गौरी नावाची ही नटी प्रभातमध्ये किरकोळ कामं करत वर आली आहे. तिच्या बोलण्यात रंगभूमीचा वासही नाही. नवरा देवाच्या नादी लागलेला, घरात दाणा नाही, पोर आजारी. ती पोराला फरपटत देवळात नेते आणि पायातलं हातात घेऊन विठोबावर धावून जाते. बायकांच्या बाजूला आधी खसखस पिकते, मग कोणीतरी नाक ओढतं. तिचं काय चुकलं, याला तुमच्या काळातही उत्तर सापडलेलं नाही. पुढे राजांचा नजराणा येतो. ती नवी वस्त्रं हरखून पोरांना घालते, आणि नवरा सगळं परत पाठवतो. त्या क्षणी थिएटर उभं दुभंगतं: अर्धे तुकारामाचे, अर्धे तिचे. दिग्दर्शकांना हवं असतं तर तिला कजाग ठरवून मोकळं होता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही. संतावरच्या चित्रपटात संताला विरोध करणारीला तिचं पुरतं म्हणणं मांडू दिलं, आणि माझ्या मते हा चित्रपट टिकला तो इथे. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव होईल. तिथल्या प्रेक्षकांना विठोबा ठाऊक नसेल, पण रिकामं मडकं कोणालाही कळतं.

गरुडाचं विमान उतरतं. तुकाराम तिलाही वैकुंठाला बोलावतो. तिला घर आहे, पोरं आहेत. ती जात नाही.

बाहेर फुटपाथवर ऊन डोळ्यांत खुपतं. पुढच्या खेळाची रांग लागलेली आहे. तुमच्यापुढे चाललेले गृहस्थ बायकोला भक्ती म्हणजे काय ते समजावताहेत. ती नऊवारीचा पदर खोचते. "भक्ती कळली हो. पण पोरांना वाढायचं कोणी, ते नाही कळलं. उद्या सासूबाईंना घेऊन येते. तिकिटाचे पैसे ठेवा काढून."