वैजीण, डॉक्टर आणि तज्ज्ञ

डिचोली तालुक्यातील शिरगाव हे गाव श्रीलईराई देवीच्या जत्रेमुळे सर्व गोमंतकाला परिचित आहे. वैशाख शुद्ध पंचमीच्या त्या जत्रेत व्रतस्थ धोंड होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. लईराई ही सात बहिणींपैकी एक आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण ही तिचीच बहीण, अशी लोकांची श्रद्धा आहे. लेकीबाळीची सुखरूप सुटका व्हावी, हे मागणे या बहिणींच्या दारी जाणाऱ्या दोन्ही धर्मांतील आयांचे सारखेच असते. बाळंतपण हा बाईचा पुनर्जन्म होय, असे आपले पूर्वज म्हणत. ते अलंकार म्हणून नव्हे, तर अनुभव म्हणून. परंतु देवीपुढे हात जोडून झाल्यावर माणसाने स्वतः काय करावे, हा प्रश्न उरतोच. कळा सुरू झाल्या की बोलवावयाचे कोणाला? वैजिणीला, डॉक्टरला की मोठ्या शहरातील तज्ज्ञाला?

आज हा प्रश्न निवडीचा वाटतो. इतिहासात डोकावून पाहिले तर दिसते, की फार मोठ्या काळापर्यंत त्यात निवड अशी नव्हतीच. शिरगावसारख्या गावात जी काही होती ती वैजीण होती. मराठी मुलखात जिला सुईण म्हणतात तिलाच गोमंतकात वैजीण म्हणतात. वैद्याला वैज म्हणणाऱ्या भाषेने तिला स्त्री-वैद्याचाच मान दिला आहे. तिचे शिक्षण शाळेत झालेले नसे. आईच्या किंवा सासूच्या हाताखाली शेकडो बाळंतपणे पाहून ते झालेले असे. पोटावर हात ठेवून मूल सरळ आहे की आडवे, हे ती सांगे. बाईला धीर देणे, कळांच्या मधल्या वेळात तिला चालती-फिरती ठेवणे, नाळ कापणे, वार पडेपर्यंत वाट पाहणे आणि पुढे कित्येक दिवस बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणे, ही सारी कामे तिची. यांतील बाईजवळ सतत कोणीतरी अनुभवी स्त्री असणे ही गोष्ट आजच्या वैद्यकानेही उपकारक मानलेली आहे.

मात्र वैजिणीचे गुणगान करताना तिच्या मर्यादा झाकून ठेवणे अन्यायाचे होईल. नाळ कापण्याचा विळा किंवा बांबूची कामटी उकळून घ्यावी, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. नाळेवर राख किंवा शेण लावण्याची चाल अनेक ठिकाणी होती आणि तिच्यातून नवजात बाळाला धनुर्वात होई. लोक त्याला सटवाईचा कोप समजत. बाळंतिणीला ताप आला तर ते बाहेरच्या बाधेचे काम ठरे. मूल आडवे आले, वार अडकली किंवा रक्तस्राव थांबेनासा झाला, की वैजिणीचे ज्ञान संपे. त्यापुढे नवस आणि नशीब एवढेच उरे.

समाजाने या बाईशी केलेला व्यवहारही विचित्र होता. मराठी मुलखात अनेक ठिकाणी हे काम खालच्या मानलेल्या जातींतील बायकांकडे असे. वंशाचा दिवा ज्या हातांत प्रथम पडे, त्याच हातांना घरातील पाण्याच्या घागरीला स्पर्श करण्याची मुभा नसे. बाळंतिणीची खोली विटाळाची म्हणून अंधारी व कोंदट निवडली जाई. ज्या जागी सर्वांत अधिक स्वच्छता हवी, ती जागा सर्वांत अस्वच्छ मानून तशीच ठेवली गेली. ख्रिस्ती समाजात विटाळाची कल्पना सौम्य झाली तरी तेथेही सूतिकागृहावर सत्तेची नजर होतीच. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांना अख्रिस्ती वैद्यांकडून उपचार घेण्यास मनाई केली. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने जन्मानंतरच्या सहाव्या रात्रीचे जागरणही ख्रिस्ती घरांत निषिद्ध ठरविले. दुसऱ्या बाजूने चर्चने सुइणीवर एक मोठा विश्वासही टाकला. अर्भकाचा जीव धोक्यात असेल आणि पाद्री पोचण्यासारखा नसेल, तर त्याला बाप्तिस्मा देण्याचा विधी तिला शिकवून ठेवण्याचा प्रघात होता. आत्म्याच्या रक्षणाची ही काळजी योग्यच. परंतु तिला हात धुण्याचाही पाठ त्याच वेळी मिळाला असता, तर किती जीव वाचले असते! अर्थात त्या काळी तो पाठ देणारा युरोपातही कोणी नव्हता.

डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीच्या भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेले. सरकारी भाषेत ह्या नव्या काबिजादी. राज्य बदलले तरी खेड्यातील बाळंतपण बदलले नाही. १८४२ साली पणजीत वैद्यकीय व शस्त्रक्रियेची शाळा सुरू झाली. आशिया खंडात पाश्चात्य वैद्यक शिकविणाऱ्या जुन्या संस्थांत तिची गणना होते. तेथून बाहेर पडलेल्या गोमंतकीय डॉक्टरांपैकी अनेकांना पोर्तुगालच्या आफ्रिकेतील वसाहतींत नोकरीसाठी जावे लागले. जे मागे राहिले ते बहुधा पणजी, म्हापसा, मडगाव अशा गावांत स्थिरावले. डोंगरापलीकडील गावाला डॉक्टर हा ऐकून माहीत असलेला माणूस होता. शिवाय तो पुरुष. परपुरुषाने सुनेला तपासावे, ही कल्पनाच कित्येक घरांना मरणापेक्षा कठीण वाटे. म्हणून डॉक्टरला बोलावणे जाई ते दोन दिवस अडलेली बाई निपचित पडल्यावर. त्याच्या हातून ती दगावली, की डॉक्टर आला आणि बाई गेली, अशी त्याचीच अपकीर्ती होई.

येथे एका दूरच्या शहराची गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण डॉक्टर म्हणजे ज्ञान आणि सुईण म्हणजे अज्ञान, ही सोपी विभागणी ती गोष्ट मोडून टाकते. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात १८४० नंतरच्या दशकात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर व त्यांचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभर बाळंतिणींपैकी सुमारे ११ दगावल्या. सुइणींच्या विभागात तीनही नाहीत. गरीब बायका पहिल्या विभागात न घालण्यासाठी गयावया करीत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने शोध घेतला तेव्हा कारण ध्यानात आले. विद्यार्थी प्रेतांचे विच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत. सुइणींना विच्छेदन शिकवीत नसत. १८४७ च्या मे महिन्यात त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि पुढील वर्षी दोन्ही विभागांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा दीडच्याही खाली आले. तरीही थोर थोर डॉक्टरांनी त्याचे म्हणणे दीर्घकाळ मानले नाही. आपल्याच हातून मरण जाते, हे मान्य करणे वैजिणीइतकेच विद्वानालाही जड जाते.

आपल्या मराठी मुलखात परपुरुषाच्या अडचणीवरचा उपाय एका मुलीच्या दुःखातून सुचला. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. स्त्रियांना स्त्री-डॉक्टरच हवी, हा त्यांचा निश्चय तेथून दृढ झाला. १८८३ साली त्या अमेरिकेस गेल्या, १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच त्यांनी आपल्या प्रबंधाचा विषय घेतला होता. १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी, त्या वारल्या. एकाही मराठी बाळंतिणीच्या उशाशी डॉक्टर म्हणून बसण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. तरी त्यांनी मोकळी केलेली वाट बंद पडली नाही. १८८५ साली लेडी डफरिन फंड निघाला, १८८६ साली मुंबईत कामा इस्पितळ उघडले आणि स्त्रियांकडून स्त्रियांवर उपचार ही गोष्ट हळूहळू अंगवळणी पडली.

तिसरी व्यक्ती तज्ज्ञाची. तिचे सर्वांत उज्ज्वल उदाहरण गोमंतकानेच दिले आहे. फोंडा तालुक्यातील शिरोडा येथे १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. काही स्त्रियांचा गर्भ दरवेळी चौथ्या-पाचव्या महिन्यात पडतो. घरचे लोक त्यांना पांढऱ्या पायाच्या म्हणतात, सवतही आणतात. डॉ. शिरोडकरांनी पाहिले, की अशा पुष्कळ जणींचे दुखणे गर्भाशयाच्या मुखाच्या दुबळेपणात असते. वाढत्या वजनाने ते अवेळी उघडते. पिशवीचे तोंड दोरीने आवळावे तसे त्या मुखाभोवती टाका घालण्याची शस्त्रक्रिया त्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केली. मांडीतील चिवट पडद्याची पट्टी ते दोरीसारखी वापरीत. ‘शिरोडकर टाका’ या नावाने ती जगभर केली जाते. ज्या बाईला हा टाका हवा आहे, तिला कितीही प्रेमळ वैजीण किंवा कितीही प्रामाणिक गावडॉक्टर पुरा पडणार नाही. परंतु हेही तितकेच खरे, की दर शंभर गरोदर स्त्रियांपैकी असा टाका लागणाऱ्या अगदी थोड्या.

मग शिरगावच्या बाईला यांपैकी कोण मिळणार, हे कशाने ठरत होते? बुद्धीने थोडे, आणि वाटेने फार. पणजीच्या इस्पितळाकडे जाताना मांडवी आडवी येई. १९७० साली नेहरू पूल होईपर्यंत बेती येथे होडी किंवा फेरीबोटीची वाट पाहणे भाग होते. १९८६ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, तो पूल कोसळला आणि काही वर्षे पुन्हा फेरीबोट नशिबी आली. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाल्यावर १९६३ साली जुन्या शाळेचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले, तालुक्यांत आरोग्य केंद्रे निघाली, शिकलेल्या परिचारिका-सुइणी गावोगाव फिरू लागल्या. मुलाला घरी जन्म देण्याची रीत एकदोन पिढ्यांत मागे पडली. १९४६ च्या भोर समितीने देशात हजार जन्मांमागे सुमारे २० माता दगावतात, असा अंदाज दिला होता. २०१८ ते २०२० या काळात ते प्रमाण लाखामागे ९७ वर आले. नवजात व बाळंतीण यांचा धनुर्वात भारतातून हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मान्य केले. हे यश एकट्या तज्ज्ञाचे नाही. लस, साबण, रस्ता, रक्तपेढी आणि दारोदार जाणारी परिचारिका, या सर्वांचे ते आहे.

बाळंतिणीचे मरण तीन विलंबांतून येते, असे १९९४ साली दोन संशोधकांनी मांडले: निर्णय घेण्यास उशीर, पोचण्यास उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळण्यास उशीर. पूल आणि रुग्णवाहिका दुसरा विलंब कमी करतात. सुसज्ज इस्पितळ तिसरा. पहिला मात्र घराच्या माजघरातच घडतो. सासरे शेतावरून येऊ देत, नवऱ्याला विचारू दे, सकाळ होऊ दे, असे म्हणता म्हणता वेळ जातो. आणि जिच्या जिवाचा प्रश्न आहे, तिला मात्र कोणी विचारीत नाही.

आता काळाने दुसरेच टोक गाठले आहे. गोव्यात जवळजवळ सर्व बाळंतपणे इस्पितळात होतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीनुसार त्यांपैकी सुमारे ४० टक्के पोट चिरून झाली. देशाचे प्रमाण त्याच्या जवळपास निम्मे आहे. खरोखर गरज असता ही शस्त्रक्रिया जीवदान होय. गरज नसता ती केल्यास पुढील बाळंतपण अधिक जोखमीचे होते. जी स्त्री पूर्वी तज्ज्ञाअभावी दगावली, तिचीच नात आज साध्या बाळंतपणासाठीही तज्ज्ञाच्या शस्त्राखाली जाते, असे पुष्कळदा घडत असेल, तर निवड आजही तिच्या हाती आलेली नाही.

म्हणूनच सुइणीचा विचार नव्याने होऊ लागला आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० पासून जामखेड भागात खेड्यातील बायकांनाच आरोग्याचे शिक्षण दिले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावच्या स्त्रियांकरवी नवजात बालकांची घरोघरी काळजी घेवविली आणि नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी केल्याचे १९९९ साली जगापुढे ठेवले. २०१८ साली भारत सरकारनेही सुईणपणाचे स्वतंत्र, उच्च प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका तयार करण्याचे धोरण जाहीर केले.

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष सरळ आहे. तिघांत मोठे कोण, हा वाद व्यर्थ होय. निरोगी स्त्रीच्या सरळ बाळंतपणाला शिकलेली सुईण पुरते, मात्र तिच्यामागे डॉक्टर आणि गाडी तयार हवी. डॉक्टरने प्रत्येक गरोदर स्त्रीला आरंभापासून तपासावे. दरमहा ९ तारखेस सरकारी केंद्रांत अशी मोफत तपासणी २०१६ पासून ठरविलेली आहे. रक्तदाब चढलेला, पायांबरोबर तोंड-हात सुजलेले, अंगावरून रक्त गेलेले, मूल आडवे किंवा पायाळू, पोटात जुळे, मधुमेह वा हृदयविकार, आधीचे बाळंतपण पोट चिरून झालेले किंवा गर्भ वारंवार पडलेले, अशी स्त्री तज्ज्ञाच्या नजरेखालीच असावी. आणि ही निवड कळा सुरू होण्यापूर्वी झालेली असावी.

जुन्या वैजिणीला आपल्या ज्ञानाची सीमा कळत नव्हती, व्हिएन्नाच्या डॉक्टरांना ती मान्य करवत नव्हती. जो हात आपली सीमा ओळखून वेळेवर दुसऱ्या हाताला हाक मारतो, तोच खरा सुरक्षित हात. लईराईच्या गावातील आई देवीपुढे आजही आपल्या लेकीसाठी मागणे मागेल, आणि मागावेही. पण घरी परतल्यावर तिने लेकीला जवळ बसवून, तुला काय वाटते, तुला काय होते, हे आधी विचारावे. बाळंतपण सुखरूप होण्याची पहिली पायरी तीच होय.