चावडीची हजेरी आणि कचेरीची नोंद

नोकरीवर रुजू होण्याचा दिवस आपल्या समाजात एकट्याचा नसतो, तो साऱ्या घराचा असतो. मी १९७९ साली कोल्हापुरातल्या एका कचेरीत कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो, तेव्हा आमची गल्ली मला निरोप द्यायला कोपऱ्यापर्यंत आली होती. आस्थापनेच्या टेबलावर मी कागद ठेवले. तिथल्या गृहस्थांनी नेमणुकीचा हुकूम बाजूला सारला, शाळा सोडल्याचा दाखला बाजूला सारला, आणि जातीचा दाखला तेवढा हातात घेऊन साऱ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचला. वाचण्याचे काहीच कारण नव्हते. तो फक्त फाईलला लावायचा होता. माठाजवळ त्या दिवशी दोन पेले होते. दुसऱ्या दिवशी तीन झाले. तिसरा कोणासाठी हे मला कोणी सांगितले नाही आणि सांगण्याची गरजही नव्हती.

पुढे मी स्वतः आस्थापना शाखेत बरीच वर्षे काढली. शेकडो दाखले माझ्या हाताखालून गेले. तेव्हापासून एक प्रश्न मला सोडत नाही. आपल्या माणसाची जात कागदावर लिहिली जाते ती कोणासाठी? ती वाचण्याचा अधिकार कोणाला?

आज या प्रश्नाला गोपनीयतेचा प्रश्न म्हणतात. पण गोपनीयता या शब्दात एक बंद दार गृहीत धरलेले असते. ज्यांची वस्तीच गावकुसाबाहेर, त्यांना कसले दार? कोल्हापूर भागात ‘कांबळे’ म्हटले की बहुधा पुढचे विचारावे लागत नाही. आडनावावरून उलगडा झाला नाही तर ‘पाव्हणं, गाव कुठलं?’ असा प्रश्न येतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर भावकी विचारली जाते. म्हणून हा प्रश्न आपल्याला इतिहासातूनच तपासावा लागेल.

आपली नावे सरकारदरबारी पहिल्याने लिहिली गेली ती नोकरीसाठी नव्हे. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या माणसांना गावच्या चावडीवर हजेरी द्यावी लागे. गुन्हा केला म्हणून नव्हे, त्या जातीत जन्मला म्हणून. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून याच वृत्तीला कायद्याचे रूप दिले. माणूस कुठे निजतो, परगावी कधी जातो, याची माहिती गावकामगाराच्या हाती. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली या जातींची हजेरी बंद केली. त्याच साली त्यांनी महार वतनाची वेठही मोडली. चावडीच्या बुकातून नाव खोडले जाणे ही आपल्या खासगी जीवनाची पहिली सनद होती, असे मी समजतो.

पण याच राजाने त्याआधी सोळा वर्षे एक वेगळी नोंद सुरू केली होती. २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा सर्वांना ठाऊक आहे. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेत होते. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात, असा तो हुकूम. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सारे मागासलेले, अशी त्याची व्याख्या. आपण पन्नास टक्के लक्षात ठेवतो. त्याच हुकमातले दुसरे वाक्य विसरतो. या हुकमानंतर झालेल्या नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीला सरकारकडे पाठवावा, असे त्यात बजावले होते. मला या तक्त्याचे महत्त्व टक्केवारीइतकेच वाटते. जात इथेही विचारली गेली, पण जाब मागितला तो नोकराकडे नव्हे, त्याच्या वरिष्ठाकडे. चावडीच्या बुकात आपण आरोपी होतो. या तक्त्यात आरोप असलाच तर तो जागा अडवून बसलेल्यांवर होता.

शाई तीच आणि जातही तीच. परंतु एका नोंदीने माणूस बांधला जातो आणि दुसरीने त्याचा वाटा मोजला जातो. हा भेद लक्षात घेतल्याशिवाय गोपनीयतेची चर्चा करणे व्यर्थ आहे. ‘जातीचा रकानाच काढून टाका’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. रकाना गेला की तक्ता गेला, आणि तक्ता गेला की हिशेब गेला. माठाजवळचा तिसरा पेला मात्र रकान्यावाचूनही राहतो.

मग जात लपवावी काय? हा मार्गही आपल्या माणसांनी चालून पाहिला आहे. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर बडोदा सरकारच्या नोकरीत रुजू झाले. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेला हा नवा अधिकारी. पण शहरात राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत, रखवालदाराच्या संमतीने, वहीत पारशी नाव नोंदवून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहाबारा पारशी दाराशी आले. ओळखीच्या दोन मित्रांनीही आसरा दिला नाही. कचेरीत तर जात सर्वांना ठाऊकच होती. शिपाई फाईली लांबून टाकत. म्हणजे उघड झालेल्या जातीने कचेरीत छळले आणि झाकलेल्या जातीने बिऱ्हाडी. बाबूराव बागूल यांच्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहाचे नावच या अनुभवाचा सारांश सांगते. बागूलांनी सुरतेकडे रेल्वेत नोकरी केली होती आणि खोलीसाठी जात लपवून राहण्याचे दुःख त्यांना ठाऊक होते. ‘चोरली’ हा शब्द पाहा. जी गोष्ट माणसाची स्वतःची, ती स्वतःपाशी ठेवली तर चोरी ठरते!

बाबासाहेबांच्या आठवणींच्या हस्तलिखितात एक दुसरा प्रसंग आहे, तो तर रुजू होण्याचाच आहे. भंगी समाजातल्या एका तरुणाची १९३६ साली खेडा जिल्ह्यात बोरसद तालुक्याला तलाठी म्हणून नेमणूक झाली. अर्जात त्याने आपली जात लिहिली होती, म्हणून त्याला वाटले की कचेरीला आपण आधीच माहीत असू. तो समोर उभा राहताच कारकुनाने त्याला कोण म्हणून विचारले, दूर उभे राहायला सांगितले आणि नेमणुकीचा हुकूम जमिनीवर टाकायला लावून मग उचलला. पाण्यासाठी त्याला एक गंजके भांडे वेगळे होते. पुढे गावात जमाव अंगावर आला आणि त्याला नोकरी सोडावी लागली. त्याने सरकारला विश्वासाने दिलेली माहिती त्याचे संरक्षण करू शकली नाही, कारण ती वाचणाऱ्यावर कसलेही बंधन नव्हते.

याच्या उलट कोल्हापूरचा एक प्रसंग आहे. संस्थानच्या पागेतल्या गंगाराम कांबळे यांनी पाण्याला स्पर्श केला म्हणून त्यांना इतर नोकरांनी बेदम मारले. महाराजांनी त्यांना दुसऱ्या खात्यात लपवले नाही. भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायला सुरुवात केली. सोबतच्या मंडळींनाही तो घ्यावा लागे. १९१९ साली त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना हुकूम काढला, की अस्पृश्यांना समतेने वागवा. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा. जात झाकून ठेवण्याची जबाबदारी अस्पृश्यावर न टाकता वागणूक सुधारण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर टाकली. १९०२ च्या तक्त्यामागे जो विचार होता तोच इथेही आहे.

आज काय दिसते? १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यानंतर आणि महाराष्ट्राच्या २००० सालच्या जात पडताळणी कायद्यानंतर राखीव जागेवर येणाऱ्याला वंशावळ, बाप-आज्याचे शाळेचे दाखले हजर करावे लागतात. शंका असेल तिथे दक्षता पथक घरी येऊन चौकशी करते. खोट्या दाखल्यांनी आपल्याच जागा लुबाडल्या जात होत्या, म्हणून ही तपासणी हवीच. पण इतकी माहिती देणाऱ्याला त्या माहितीवर कोणता हक्क मिळाला? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. २०१९ च्या माहिती संरक्षण विधेयकात ‘जात किंवा जमात’ ही संवेदनशील माहिती म्हणून वेगळी काढली होती. २०२३ साली जो कायदा संमत झाला त्यात ही वेगळी वर्गवारी उरली नाही. उलट नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायला मालकाला मुभा ठेवली आहे. जात कोण वाचतो, हा आपल्यासाठी जिवाचा प्रश्न त्या कायद्यात साध्या पत्त्याच्या पंक्तीला बसला.

ही गोष्ट इथलीच आहे असेही नाही. २०२० साली कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने एका संगणक कंपनीवर दावा लावला. एका दलित अभियंत्याची जात त्याच्या भारतीय वरिष्ठाने सहकाऱ्यांत उघड केली, असा त्यात आरोप होता. दोन अधिकाऱ्यांवरचा दावा २०२३ साली मागे घेतला गेला. पण सात समुद्र ओलांडल्यावरही आपली जात दुसऱ्याच्या तोंडून जाहीर होण्याची भीती संपत नाही, एवढे त्यातून कळलेच.

परवा आमच्या नात्यातली एक मुलगी नोकरीवर रुजू व्हायला निघाली. तिने मला विचारले, ‘आजोबा, दाखला सगळ्यांसमोर वाचत्यात काय हो?’ चव्वेचाळीस वर्षांहून जुना तो आवाज माझ्या कानात पुन्हा वाजला. मी तिला सांगितले, जात लपवू नकोस, तो आपला हिशेब आहे. पण दाखला बंद पाकिटात नेऊन ज्याचे ते काम आहे त्याच्याच हाती दे, आणि दुसरा कोणी विचारू लागला तर त्याला विचार, साहेब, कोणत्या कामासाठी?

माझी मागणीही एवढीच आहे. तक्ता चौकात लावा, त्यात किती जागा कोणाला दिल्या ते साऱ्या गावाला वाचू द्या. दाखला मात्र कुलपात ठेवा, आणि तो कोणी, कधी, कशासाठी काढला याची नोंद ठेवा. आजवर हजेरी आपण दिली. यापुढे ती आपले दाखले उघडणाऱ्यांनी द्यावी.