तळटीप : दुरून डोंगर साजरे

१२. दुरून डोंगर साजरे – लांबून सुंदर दिसणाऱ्या गोष्टीतल्या अडचणी जवळ गेल्यावरच कळतात. नागपूर–रायपूर महामार्गावरील देवरीच्या (जि. गोंदिया) वाचकाला ‘साजरे’चा अर्थ सांगावा लागत नाही, विदर्भात तो रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. दिसण्याबाबतची हीच सावधगिरी चिनी भाषेतही आढळते. डोळ्यांपुढचे एक पान अख्खा ताइशान पर्वत झाकते, असे तिथे म्हणतात. ‘घोड्यावरून फुले पाहणे’ म्हणजे वरवर पाहणे. तांग काळातील कवी मंग ज्याओ यांच्या ज्या कवितेतून हा वाक्प्रचार आला, तिच्यात मात्र परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा आनंद आहे. टीकेचा अर्थ नंतर चिकटला. ‘बाहेर सोने नि जेड, आत कुजका कापूस’ हा वाक्प्रचार ल्यू जी (१३११–१३७५) यांच्या संत्रेविक्रेत्याच्या कथेतला. आपल्याकडे चोखोबांनी उसाच्या दृष्टान्तातून याची दुसरी बाजू मांडली : ओबडधोबड रूपाआड गोडवा असू शकतो. जन्मावरून माणूस जोखणाऱ्या समाजाला तो थेट प्रश्न होता. म्हणून प्रस्तुत म्हण केवळ फसवणुकीचा इशारा म्हणून वाचू नये. जवळ जाऊन पाहण्याचा आग्रहही तिच्यात आहे. – संपा.