जात्याची साक्ष

इतिहास कागदांवरून लिहावा, असा आपल्याकडचा रिवाज आहे आणि तो योग्यच आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. कोणत्या गावाने किती सारा भरला, कोणतं वतन कोणाकडे होतं, हे त्यांत सापडतं. पण त्या गावचं धान्य पहाटे उठून दळलं कोणी, आणि दळताना तिच्या मनात काय चाललं होतं, हे लिहायला कोण कारकून बसणार? ती नोंद त्या बाईनंच ठेवली. कागदावर नव्हे, ओवीत.

ओव्या गोळा करण्याचं काम आपल्याकडे जुनं आहे. साने गुरुजींनी १९४०च्या सुमारास ‘स्त्री जीवन’मध्ये त्या छापल्या. पुढे डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याची पुस्तकांमागून पुस्तकं काढली. यामुळे ओवीला साहित्यात मान मिळाला. पण ओवी गोड आहे म्हणून ती इतिहासाची साक्षीदार ठरते काय?

हा प्रश्न हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ या पुण्याच्या दोघा अभ्यासकांनी मनावर घेतला. १९८०च्या दशकात मुळशी-मावळच्या डोंगरी मुलखात गोरगरिबांमध्ये काम करताना त्यांनी ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. गावच्याच बायका सोबतीला घेतल्या. बघता बघता हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्या संगणकावर चढवल्या गेल्या. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गावही टिपलेलं आहे. साक्षीदाराचं नाव-गाव कळलं, की साक्ष तपासता येते. २०१७पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेच्या संकेतस्थळावर या ओव्या प्रसिद्ध होऊ लागल्या.

आता कोणी म्हणेल, ओवीला तारीख नसते. आईच्या तोंडची ओवी लेकीच्या तोंडी बदलते. आक्षेप खरा आहे. पण काही ओव्या आपला काळ आपणच सांगतात. या संग्रहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर पुष्कळ ओव्या आहेत. महाडचा सत्याग्रह १९२७चा. तेव्हा या ओव्या फार जुन्या असूच शकत नाहीत. म्हणजे शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकाही आपल्या काळातली मोठी घडामोड ओळखत होत्या आणि जुन्या चालीत ती बसवीत होत्या.

दुसरं उदाहरण सीतेचं. सीतेच्या वनवासाच्या ओव्यांत कैकेयी ही छळ करणारी सासू होऊन येते. यावरून रामायणाचा इतिहास कळत नाही. पण ओवी गाणारीच्या घरातला सासुरवास मात्र कळतो. साक्ष कोणत्या गोष्टीची आहे, हे आधी ठरवावं लागतं. ओवीवरून लढाईची तिथी काढू नये. दळणारणीचं सुखदुःख मात्र तिच्याइतकं दुसऱ्या कोणत्या दफ्तरात मिळायचं नाही.

गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांच्या हातांचे घट्टे गेले. हे फार चांगलं झालं. त्याचं दुःख कोणी करू नये. पण जातं थांबलं तशी ओवी शिकण्याची जागाही गेली. आईसमोर बसून खुंटा धरणारी लेक आता कुठे आहे?

म्हणून शिक्षकमित्रांना एक सुचवावंसं वाटतं. मुलांना आपल्या आजीकडे पाठवा. ती म्हणेल तशीच ओवी लिहून घ्या. तिची बोली शुद्ध करायला जाऊ नका. खाली आजीचं नाव, गाव, ओवी कोणाकडून शिकली ते आणि लिहून घेतल्याची तारीख घाला. ओवी छापायची असेल, तर आधी आजीला विचारा. सरकारी दफ्तरात जिचं नाव कधी लागलं नाही, तिचं नाव निदान शाळेच्या वहीत तरी लागू द्या.