नरक्या : आपल्या रानातलं झाड, कॅन्सरचं औषध आणि सालीचा काढा का पिऊ नये

शिवथर (ता. महाड) : मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीतला एक पोरगा घरी आला. हातात पिशवी, पिशवीत कसल्यातरी झाडाची साल. म्हणाला, "दादा, ही नरक्याची साल. आईला कॅन्सर निघालाय. मोबाईलवर मेसेज आलाय, कॅन्सरचं औषध ह्याच्यापासूनच बनतं. उकळून देऊ का?" मी शेती बघून बातम्या देतो, त्यामुळे गावात अशा चौकशा माझ्याकडे येतात. त्या दिवशी एवढंच सांगू शकलो, "आज देऊ नको, जरा थांब." नंतर या झाडाबद्दल जे वाचलं, जाणत्यांना विचारलं, ते सगळं इथे एका जागी लिहून ठेवतोय. लेख थोडा लांब आहे, पण जपून ठेवा. तसाच मेसेज तुमच्या ग्रुपवरही फिरत असेल.

नरक्यापासून कॅन्सरचं औषध बनतं, हे खरं आहे. साल उकळून द्यायची नाही, हेही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी कसं, ते पुढे सांगतो.

झाड कोणतं?

नरक्या हे सह्याद्रीच्या रानातलं लहान झाड. महाबळेश्वर, कोयना, कोल्हापूरच्या घाटमाथ्यापासून खाली कर्नाटक-केरळपर्यंत सापडतं. मोठ्या झाडांच्या सावलीत, ओढ्याकाठी, ओलाव्याच्या जागी वाढतं. पानं फांदीच्या टोकाला झुबक्याने येतात, खाली फांदीवर गळलेल्या पानांचे वण राहतात. साल करडी, सुरकुतलेली. पावसाळ्यात पिवळसर पांढरी बारीक फुलं येतात आणि त्यांना घाण वास सुटतो. नरक्या हे नाव त्यावरूनच पडलं असावं. काही भागात याला घाणेरा म्हणतात. आपण ज्या काटेरी झुडपाला घाणेरी म्हणतो ते मात्र हे नव्हे. फळ जांभळासारखं पण लहान, पिकलं की लालसर जांभळं, आत एकच बी.

शास्त्रीय नाव नोथापोडायटीस निम्मोनियाना. जुन्या पुस्तकांत मॅपिया फीटिडा असं नाव दिसेल, झाड तेच. जॉन ग्रॅहम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची यादी छापली, तिच्यात याची नोंद आहे. नावातला 'निम्मो' हाही त्या काळचा वनस्पती गोळा करणारा इंग्रजच.

नावाचा एक घोटाळा इथेच सांगतो, कारण तो अंगाशी येऊ शकतो. या झाडाला 'अमृता' असंही म्हणतात. व्यापारी तर हेच नाव वापरतात. आणि आयुर्वेदात अमृता म्हणजे गुळवेल! कोणी 'अमृताचा काढा घ्या' म्हणालं तर त्याच्या मनात गुळवेल असते. ऐकणारा नरक्याची साल आणून उकळतो. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. एक वेल, एक झाड.

औषध सापडलं कसं

ही गोष्ट सुरू होते अमेरिकेच्या शेती खात्यात. तिथे १९५० च्या सुमारास डॉ. मनरो वॉल नावाचे रसायनशास्त्रज्ञ कामाला होते. त्यांचं काम कॅन्सरचं नव्हतंच. कॉर्टिझोन हे औषध बनवायला लागणारा कच्चा माल कुठल्या झाडापाल्यात मिळतो, ते शोधायचं होतं. त्यासाठी हजारो वनस्पतींचे अर्क काढून ठेवलेले. कॅन्सर संस्थेने त्यातले काही तपासायला मागवले आणि एका चिनी झाडाचा अर्क उंदरांच्या कॅन्सरवर जोरात चालला. ते झाड कॅम्पटोथेका. चीनमध्ये त्याला आनंदाचं झाड म्हणतात. अमेरिकेच्या शेती खात्याने कॅलिफोर्नियातल्या आपल्या बागेत ते लावलेलं होतं.

पुढे वॉल दुसऱ्या संशोधन संस्थेत गेले आणि १९६२ साली त्यांच्या जोडीला आले डॉ. मनसुख वाणी. हे आपल्या महाराष्ट्रातले. जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात शिकले, मग अमेरिकेत जाऊन डॉक्टरेट केली. दोघांनी त्या अर्कातून नेमका कामाचा घटक वेगळा काढला आणि १९६६ साली जाहीर केला. त्याचं नाव कॅम्पटोथेसिन. याच जोडीने १९७१ साली यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल काढलं. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरला ते आजही देतात. म्हणजे दोन मोठ्या औषधांच्या मुळाशी नंदुरबारचा माणूस. वाणी २०२० साली वारले. आपल्याकडे त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात मला तरी कधी भेटलं नाही.

आता आपलं झाड. १९७२ साली गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात (मुंबईचं गोरेगाव, आपल्या माणगावजवळचं नव्हे) डॉ. टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी विश्वनाथन यांना तेच कॅम्पटोथेसिन नरक्यात सापडलं. गंमत म्हणजे चिनी झाड आणि नरक्या एकमेकांचे भाऊबंद नाहीत, कुळं वेगळी. पण नरक्यात माल भरपूर. तिथपासून या झाडामागे पैसा लागला.

काम कसं करतं?

सुंभाची दोन पदरी दोरी घ्या आणि मधूनच पदर सोडवायला लागा. इकडे पदर सुटतात, पण पुढे पीळ घट्ट घट्ट होत जातो आणि एका जागी अडतो. आपल्या पेशीतला डीएनए असाच दोन पदरी, पीळ दिलेला. पेशीची दुसरी पेशी होताना तो उलगडावा लागतो. पीळ अडू नये म्हणून शरीरात एक कारागीर असतो, टोपोआयसोमरेज-१ नावाचा. तो एक पदर कापतो, पीळ सोडतो आणि पदर परत जोडतो. कॅम्पटोथेसिन या कारागिराला कापल्यानंतर आणि जोडण्याआधी धरून ठेवतं. पदर तुटलेलाच राहतो आणि पेशी मरते.

कॅन्सरच्या पेशी सारख्या वाढत असतात, म्हणून त्यांना दणका जास्त बसतो. पण शरीरात भराभर वाढणाऱ्या चांगल्या पेशीही आहेत. आतड्याचं अस्तर, हाडातलं रक्त तयार होण्याचं ठिकाण, केसांची मुळं. औषधाला आपला-परका कळत नाही.

सालीचा काढा का नको, ते इथून समजेल. कॅम्पटोथेसिन आहे तसं, फक्त पाण्यात विरघळेल असं क्षाराचं रूप देऊन, पेशंटला टोचून बघितलेलं आहे. अमेरिकेत ६० च्या दशकाच्या शेवटी चाचण्या सुरू झाल्या. लोकांना भयंकर जुलाब लागले, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या, मूत्राशयातून रक्त यायला लागलं. त्या मानाने गुण फारसा आला नाही. ७० च्या दशकाच्या सुरुवातीला चाचण्या बंद पडल्या. लक्षात घ्या, हे मोठ्या हॉस्पिटलात, रोज रक्त तपासून, मापून दिलेल्या डोसने झालं. आपण चुलीवर पातेल्यात साल टाकणार, तेव्हा कुठल्या झाडात किती आहे हे कोणाला ठाऊक? एकाच रानातल्या दोन झाडांत कितीतरी पट फरक असतो, हे संशोधकांनी मोजून दाखवलंय. शिवाय हा पदार्थ पाण्यात नीट उतरतही नाही. म्हणजे काढ्यातून औषध मिळेल याची खात्री नाही आणि अंगावर काय येईल याचीही नाही. पेशंट आधीच अशक्त असतो. त्याला जुलाब लागले तर पुढची केमो लांबते.

बंद पडलेलं काम पुन्हा उभं राहिलं १९८५ साली. वर सांगितलेल्या कारागिरावर हे औषध बसतं, हे अमेरिकेतल्या संशोधकांना तेव्हा कळलं. मग रेणूत बदल करून दोन नवी औषधं तयार झाली. इरिनोटेकॅन मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी, टोपोटेकॅन अंडाशयाच्या आणि फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठी. दोन्हींना १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. आज भारतीय कंपन्याही ती बनवतात. १९६६ ते १९९६, तीस वर्षं गेली एका सालीचं औषध व्हायला. मेसेज लिहिणाऱ्याने ती तीस वर्षं एका ओळीत उडवली.

गाडी घेऊन येणारे

औषधाचा कच्चा माल अजूनही झाडांतूनच काढतात. एक टन वाळलेल्या लाकडा-मुळातून निघून निघून एक ते तीन किलो कॅम्पटोथेसिन निघतं. त्यामुळे झाडं लागतात फार. मुळात माल जास्त, म्हणून झाड नुसतं तोडत नाहीत, मुळासकट उपटतात. घाटमाथ्यावरच्या जिल्ह्यांत नरक्याच्या तस्करीच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. संशोधक या झाडाला धोक्यात आलेल्या वनस्पतींत धरतात.

यातला व्यवहार आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावा. माल हवा असणारा रानात येत नाही. तो एक मध्यस्थ पाठवतो, मध्यस्थ गावातल्या दोघा-तिघांना कोयता-कुदळ घेऊन पाठवतो. किलोवर भाव ठरतो, हातात थोडे पैसे पडतात. पकडायला वनखातं आलं की हातात कुदळ असतो तो आपला माणूस. भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा त्याच्यावर, कोर्टाच्या तारखाही त्यालाच. गाडीवाला तोवर घाट ओलांडून गेलेला असतो. मालकीच्या वरकस जमिनीतलं झाड असलं तरी तोडायला आणि वाहतुकीला आधी वनखात्याकडे विचारा. "मालकीचं आहे, काही होत नाही" हे गाडीवाल्याचं बोलणं आहे, कायद्याचं नाही.

आणि उतारावरची मुळं उपटणं म्हणजे काय, हे २२ जुलै २०२१ नंतर महाड-पोलादपूरकरांना मी सांगायची गरज नाही.

झाड न मारता

मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नरक्याच्या पेशी आणि रोपं काचेच्या भांड्यात वाढवून त्यात औषध किती येतं ते पाहिलं गेलं. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाच्या लोकांनी पश्चिम घाटात ठिकठिकाणची झाडं तपासून जास्त मालाची झाडं शोधली. तसं बियाणं मिळालं तर लागवड करता येईल, हा हेतू. २००५ साली जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेतून सर्वात नवलाची गोष्ट आली. नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी सापडली आणि ती स्वतःच कॅम्पटोथेसिन बनवते! तसं झालं तर रानात जायलाच नको, टाकीत बुरशी वाढवा. पण अडचण अशी की झाडाबाहेर पिढ्यानपिढ्या वाढवली की बुरशी ते बनवणं कमी करत जाते. विरजण दर वेळी पातळ होत जावं तसं.

शेतकरी म्हणून मला सर्वात पटलेली गोष्ट साधी आहे. नरक्याला बुंध्यातून परत फुटवे येतात आणि पानांतही थोडं औषध असतं. म्हणजे मुळं शाबूत ठेवून पाला आणि फुटवे काढायची पद्धत बसवता येते. आपण राबासाठी झाडं सवळतो, तसंच. पण खात्रीचा खरेदीदार आणि लेखी परवाना हातात आल्याशिवाय कोणी याची लागवड करून कर्ज काढू नये.

ग्रामपंचायतीचा हक्क

जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि गावातल्या झाडं, वेली, बियाण्यांची लोक जैवविविधता नोंदवही. आपल्या हद्दीतून व्यापारासाठी वनस्पती गोळा करणाऱ्याकडून ही समिती शुल्क घेऊ शकते. गावातल्या लोकांनी आणि वैदूंनी पूर्वापार जो वापर केला, त्याला आडकाठी नाही. बऱ्याच ठिकाणी ही वही कोणीतरी बाहेरून भरून आणतो आणि कपाटात जाते. पुढच्या ग्रामसभेला वही मागा, तिच्यात नरक्या आहे का बघा. नसेल तर कुठल्या ओढ्याकाठी साधारण किती झाडं आहेत ते लिहून घ्या. नेमकी जागा मात्र व्हॉट्सॲपवर टाकू नका. रानात कोणी उपटताना दिसलं तर वनखात्याचा हॅलो फॉरेस्ट क्रमांक १९२६ आहे.

घरात कॅन्सरचा पेशंट असेल तर टाटाचं कॅन्सर उपचार आणि संशोधन केंद्र आपल्याच जिल्ह्यात, खारघरला आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, केमोचा खर्च त्यात बसतो का ते विचारा. काही काढा, चाटण चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. डॉक्टर रागावतील म्हणून लोक सांगत नाहीत आणि मग जुलाब कशाने लागले तेच कळत नाही.

त्या पोराने साल उकळली नाही. त्याच्या आईची केमो सुरू झाली. काही महिन्यांनी त्याने मला कागद दाखवला, तिच्या औषधांत इरिनोटेकॅन होतं. ज्या झाडाची साल त्याने आणली होती ते ओढ्याकाठी जाऊन बघून आलो. साल एकाच बाजूने काढलेली होती, चहूबाजूंनी नाही, म्हणून जगलंय. यंदा फुललं होतं. वास येत होता.