पासोडीची घडी आणि घराण्याचें दुःख

अंबेजोगाईच्या दासोपंतांनीं 'पंचीकरण' हा ग्रंथ कागदावर न लिहितां कापडाच्या लांबरुंद पासोडीवर लिहिला. ही पासोडी अंबेजोगाईस जपून ठेवलेली आहे. अशा वस्त्रावर मजकूर सगळा असतो. पण जेवढी घडी उलगडावी तेवढाच वाचतां येतो. मनुष्याच्या पेशींतील जनुकांची गोष्टहि अशीच आहे. वंशपरंपरेनें आलेला लेख बहुतेक प्रत्येक पेशींत संपूर्ण असतो. मात्र कोणता भाग उघडावयाचा आणि कोणता मिटलेला ठेवावयाचा, हें निरनिराळ्या पेशींत निराळें ठरतें. या उघडण्यालाच शास्त्रज्ञ जनुकांची अभिव्यक्ति म्हणतात.

बीड जिल्ह्याला ही गोष्ट कळणें अगत्याचें आहे. १९७२ च्या दुष्काळानें होरपळलेल्या आणि पुढेंहि अवर्षणानें वारंवार गांजलेल्या या मुलुखांत एखाद्या कर्त्या पुरुषानें बोलणें टाकलें, जेवणावरची वासना उडाली, कीं 'त्यांच्या घराण्यांतच आहे' असें म्हणून शेजारीपाजारी मोकळे होतात. हा निवाडा कितपत खरा?

नैराश्याच्या रोगांत आनुवंशिकतेचा वांटा आहे, हें जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून दिसून आलें. २००३ सालीं सेरोटोनिनशीं संबंधित अशा एका जनुकाकडे बोट दाखविण्यांत आलें. त्याचा आंखूड प्रकार ज्यांना लाभला, ते संकटांत लवकर खचतात, असें तें मत होतें. तें पुष्कळ वर्षें गाजलें. परंतु २०१९ सालीं लाखों माणसांची माहिती तपासतां त्यास आधार सांपडला नाहीं. आतां आढळतें तें असें कीं, हा वांटा अनेक जनुकांत विखुरलेला असून प्रत्येकाचा परिणाम अत्यल्प आहे.

मग परिस्थिति अंगांत मुरते कशी? १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत जर्मन सैन्यानें पश्चिम हॉलंडचा अन्नपुरवठा अडविला. गर्भधारणेच्या सुमारास ज्यांच्या मातांनीं ती उपासमार सोसली, त्यांच्या एका जनुकावरील रासायनिक खुणा सहा दशकांनंतरहि त्यांच्या भावंडांहून निराळ्या असल्याचें २००८ सालीं प्रसिद्ध झालें. गर्भावस्थेच्या उत्तरार्धांत उपासमार भोगलेल्यांत मनोविषादाचे गंभीर विकार अधिक आढळल्याचें २००० सालींच दिसून आलें होतें.

माँट्रियल येथील २००४ चा उंदरांवरील प्रयोग याहून बोलका आहे. मातेनें ज्या पिलांना पुष्कळ चाटलें, त्यांच्या मेंदूंत ताण आवरणाऱ्या जनुकाची घडी अधिक उलगडलेली होती, उपेक्षितांची मिटलेली. उपेक्षा करणाऱ्या मातेचें पिलूं मायाळू मातेच्या कुशींत ठेवतां तें तिच्या वळणावर गेलें. लेख जन्मदात्रीचा, वाचन मात्र पालनकर्त्रीचें!

उंदराचा न्याय माणसाला जसाच्या तसा लावतां येत नाहीं, हें खरें. तथापि बीडची अनेक जोडपीं दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन परमुलुखीं ऊसतोडणीस निघतात. गर्भार स्त्रिया फडांत राबतात, मुलें कोपींत वाढतात. त्यांच्या वांट्याचें अन्न, विसांवा आणि माया या केवळ दयेच्या बाबी उरत नाहींत. २०१५ पासून महाराष्ट्र सरकारनें दुष्काळी जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्पाद्वारें आशा कार्यकर्त्या दारोदार धाडून खचलेल्यांची विचारपूस आरंभिली. त्यामागील तत्त्व हेंच. पूर्वजांचा लेख कोणास बदलतां येत नाहीं. घडी कोठें उलगडावी, यांत मात्र शेजाऱ्याचाहि हात असतो. म्हणून 'घराण्यांतच आहे' म्हणून त्यानें दार लावून घेऊं नये.